दोन खुंट्यांची वही

पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. जयंतीचा कार्यक्रम संपून लोक जेवणाच्या रांगेत उभे होते. जय भीम झालं, गाव कुठलं ते झालं, मुलगा कुठे कामाला तेही झालं, तरी हात तसाच. मला वाटलं, केवढा मायाळू माणूस. सिंगापूरला येऊन मला सहाच महिने झाले होते आणि घरच्यांशिवाय कोणी माझा हात धरला नव्हता. मग त्यांनी हात सोडला, खिशातून एक चिठोरं काढलं आणि त्यावर लिहिलं, शहात्तर.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमची नाडी. काल झोप कशी लागली?"

"लागली की."

"मध्ये उठलात?"

"दोनदा. म्हाताऱ्या माणसाला उठावंच लागतं."

तेही लिहून घेतलं. किती किती वाजता, तेही. माझ्या मागे बँकेत काम करणारे एक गृहस्थ उभे होते, ते हळूच म्हणाले, "काका, यांना झोपेचं सांगू नका. पुढच्या वेळी पुन्हा विचारतील." तसंच झालं.

ते आता नाहीत. जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक हसतात, पाय वर घ्यायची नक्कल करतात. हसू दे. पण त्यांच्या त्या वहीचं खरं काय झालं ते मला माहीत आहे, आणि त्यात माझा हात आहे, म्हणून लिहायला बसलो.

लोक त्यांना सर म्हणायचे. मी म्हणत नव्हतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यानंतर मी जे शिकलो ते हाताने शिकलो, कोणाला सर म्हणून नाही. कारखान्यात चीफ इंजिनियरला साहेब म्हणायचो ते नोकरी होती म्हणून. यांना मी भाऊ म्हणायचो आणि ते मला दादा, कारण मी पाच वर्षांनी मोठा. मूळचे नागपूरचे. इथे एका प्रयोगशाळेत तीस वर्षं मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाले आणि त्यांनी जमीन मोजायला घेतली. एकर-गुंठे नव्हे. जमिनीतली वीज.

आता हे मला कोणी शिकवावं याची मला गंमत वाटली. मी साखर कारखान्यात एकतीस वर्षं वायरमन. अर्थिंगचे खड्डे सगळे माझ्या हातचे. माझ्या अर्थिंगवर आयुष्यात एक माणूस मेला नाही, हे मी कोणापुढेही सांगतो. आमच्या लेखी फॉल्टची वीज जमिनीत सोडायची आणि जमीन ती गुपचूप गिळते, संपलं.

ते म्हणाले, "दादा, तुम्ही जन्मभर तिच्या तोंडात घालत आलात. ती स्वतःहून काय बोलते ते कधी ऐकलंत?"

मग समजावून सांगितलं. सूर्याकडून सतत काही ना काही येत असतं, त्याने फार वरच्या हवेत खळबळ होते आणि तिच्यामुळे जमिनीत अगदी बारीक वीज फिरते. लांब लांब दोन खुंट्या ठोकायच्या, तारेने मीटरला जोडायच्या, काटा हलतो. एवढं पुस्तकात आहे, माझ्या नातीनेही मला शोधून दाखवलं. पुढचं मात्र त्यांचं स्वतःचं. माणूस जमिनीवर वावरतो, त्याचं हृदय विजेवर चालतं, तेव्हा जमिनीतली वीज कमी-जास्त झाली की त्याची नाडी, झोप, डोकं, सगळं कमी-जास्त होणार. हे कोणत्याच पुस्तकात पक्कं नव्हतं. हे ते सिद्ध करणार होते.

"आणि नाही झालं सिद्ध तर?"

"तर नाही म्हणून लिहीन. आपण बुद्धाच्या वाटेचे, 'ये आणि बघ' म्हणणारे लोक आहोत, दादा. 'मान' म्हणणारे नाही."

माणूस मला तिथे आवडला.

त्यांचा फ्लॅट जुरोंग ईस्टला, नवव्या मजल्यावर. मी मुलाकडे चोआ चू कांगला. गाडीने तिसरं स्टेशन, बदलायला लागत नाही. मुलगा-सून कामावर गेले, नात शाळेत गेली की मी निघायचो. त्यांच्या घरात प्रत्येक खुर्चीसमोर एक लाकडी पाट ठेवलेला असे. काटा फार अस्वस्थ असला की आल्या-गेल्याने पाय पाटावर घ्यायचे, मगच चहा. नवव्या मजल्यावर जमीन कुठली, असं मी म्हणालो तर म्हणाले, "इमारतीतली सळई कुठे गेलीय शेवटी?" पलंगाला एक खिळा नव्हता, सगळा खाचांवर बसवलेला, आणि उत्तर-दक्षिण. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला सांगायचे, "टुडे बी केअरफुल, हां." तो बिचारा दरवाज्याकडे सरकायचा.

वहिनी या सगळ्यातून वाट काढत चालायच्या, जशी मांजर भांड्यांतून चालते. त्यांना मी चिडलेलं क्वचित बघितलं. टोमणा मात्र चुकायचा नाही. बागेत काट्याचा मीटर मांडीवर घेऊन बसले की ते मान वर न करता सांगायचे, "आली. थांबली. सुटली." म्हणजे एमआरटी, इथली मेट्रो. गाडीची वीज जमिनीत थोडी झिरपते, तिने काटा उडतो. म्हणून खरी नोंद ते पहाटे, पहिली गाडी सुटायच्या आधी घेत. वहिनी म्हणायच्या, "दादा, मी घरात आले का गेले ते यांना चाळीस वर्षांत कळलं नाही. गाडी बरोबर कळते न."

बागेचं सांगायला पाहिजे. इथे ब्लॉकखालच्या गवतात खिळा ठोकला तरी कोणीतरी फोटो काढून तक्रार करतं. म्हणून त्यांनी कम्युनिटी गार्डनमध्ये वाफा मागितला. वाफ्यांना रांग लागलेली, पण एक कोणालाच नको होता, तो मिळाला. त्याच्यावर शेजारच्या पायवाटेचं छप्पर आलेलं, पावसाचा थेंब पोचायचा नाही. भाऊ खूश. पाऊस नको होताच त्यांना. एक खुंटी त्या वाफ्यात, दुसरी पन्नास पावलांवर नालीकाठी, आणि कुंपणाला बांधत नेलेली तार. ठोकून मी दिली. त्यांच्या हातात हातोडा शोभत नव्हता.

बागेचं बघणारी एक चिनी बाई होती. सगळे तिला आंटी म्हणत, मीही म्हणायचो, वयाने माझ्या लेकीएवढी असेल. ती आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अंकल, व्हेजिटेबल व्हेअर? ओन्ली स्टिक लाह. कॅनॉट." भाजी लावली नाही तर वाफा काढून घेणार, हा नियम. तेव्हा वहिनींनी खुंटीच्या शेजारी अळू लावलं, कढीपत्त्याचं एक रोप लावलं. छपराखाली पाऊस नाही, म्हणून रोज संध्याकाळी वहिनी झारी घेऊन खाली जायच्या. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

त्याच सुमारास वहिनींना चक्कर येऊ लागली. आधी ओट्यापाशी, मग जिन्यात. तपासण्या झाल्या. डॉक्टरने सांगितलं की हृदय मध्येच थांबतं, तीन-चार सेकंद, आणि पुन्हा सुरू होतं. एखाद्या दिवशी होणार नाही. पेसमेकर बसवा, लांबवू नका.

भाऊंनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं, शंभर दिवस.

त्यांचं म्हणणं असं, की या वयात आपोआप हृदय थांबत नाही, काहीतरी थांबवतं. ते इथल्या जमिनीत असेल तर छातीत तार घालून काय उपयोग, उलट ती तार ते जास्त ओढून घेईल. शंभर दिवस रोज पहाटे काट्याचा आकडा लिहायचा, शेजारी आदल्या दिवसाचा वहिनींचा त्रास लिहायचा. जुळलं तर घर बदलायचं. मरीन परेडची जमीन समुद्रात भर टाकून केलेली, तिथे आकडा वेगळा येईल. तिकडचे दोन फ्लॅट बघूनही आले. नाही जुळलं तर पेसमेकर.

मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"त्यांनी माझ्यासाठी आजवर जे ठरवलं ते चुकलं नाही, दादा. वही भरू द्या. तोवर थांबते मी."

डॉक्टरने सांगितलेली गोष्ट एकीकडे आणि वही एकीकडे, आणि मधे ती बाई झारी घेऊन लिफ्टने खालीवर करतेय. त्या दिवसापासून घरी फोन वाजला की मी आधी सुनेच्या तोंडाकडे बघायचो.

पहिले दहा दिवस काटा जेमतेम थरथरायचा. आकडे दोन, तीन, दीड. त्रासाशी काही मेळ नाही. भाऊ काळवंडले. म्हणाले, "असं चाललं तर शंभरचे दोनशे करावे लागतील." हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. दोनशे दिवस ती बाई थांबणार?

मी छपराखालचा वाफा हाताने चाचपला. कोरडा ठणठणीत. मला एकतीस वर्षांत जे माहीत होतं ते दिसलं. खुंटीला जमीन नीट धरत नाही, दुसरं काही नाही. अर्थिंग असं करतात का कोणी? दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ झोपले होते तेव्हा मी सुपरमार्केटमधून जाडं मीठ आणि कोळसा घेऊन आलो. कोळसा इथे बार्बेक्यूचा मिळतो. दोन्ही खड्डे मोठे केले, एक थर मीठ, एक थर कोळसा, जसं आम्ही कारखान्यात करायचो, आणि वरून भरपूर पाणी. नालीकाठची खुंटी उपटताना दगडाला अडून वाकली. तीही दुसरीसारखी तांब्याची होती. तिच्या जागी मी जस्त चढवलेल्या पाईपचा तुकडा ठोकला, एका दुरुस्तीवाल्याकडून मागून आणला होता. कोणाला सांगितलं नाही. चांगलं काम सांगायचं नसतं, ते दिसतं.

दिसलं. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर भाऊ दारातच. "दादा, चाळीस. आज चाळीस." डोळे लहान मुलासारखे. "जागी झाली जमीन."

मी फक्त हसलो. मनात म्हटलं, मी जागी केली.

मग वही जुळायला लागली. हेच ते वाईट. ज्या दिवशी वहिनी बऱ्या, त्याच्या दुसऱ्या पहाटे काटा पस्तीस, चाळीस. ज्या दिवशी चक्कर, त्याच्या दुसऱ्या पहाटे वीस, लागोपाठ दोन दिवस चक्कर असली तर दहा. भाऊंनी तांबड्या शाईने रेघा मारल्या. मला दाखवायचे, आणि मला मान हलवावीशी वाटायची, कारण ते खड्डे माझे होते. जमिनीतली वीज उतरली की हिचं हृदय अडखळतं, हे पानापानावर दिसत होतं. भाऊंनी मरीन परेडच्या एजंटला पुन्हा फोन केला. हॉस्पिटलचा फोन आला तर सांगायचे, "अंडर स्टडी."

आणि वहिनी खालावत होत्या. आठवड्यात एकदा यायची ती चक्कर तीनदा यायला लागली. ओठ फिके. चहा आणताना मी उठून ट्रे घ्यायचो, त्या देत नव्हत्या.

एक दिवस त्या म्हणाल्या, "दादा, कढीपत्ता काहून जळतोय कळत नाही. पानं कडेने करपली. मी पाणी तर रोज घालते, बरी असली की."

मीठ, हे मला लगेच कळलं. बोललो नाही. पण "बरी असली की" हे कानात राहिलं. कळलं नाही का राहिलं.

पंचाऐंशी दिवसांच्या पुढे गेलो होतो. एका संध्याकाळी वहिनी पडूनच होत्या, दिवसभरात दोनदा शुद्ध हरपली होती. मी घरी जायला खाली उतरलो, बागेवरून वाट. वाफा कोरडा दिसला. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही, ही माझी हाडात भिनलेली सवय. उन्हाळ्यात कारखान्यात मी प्रत्येक खड्ड्याला बादली घालायचो. तिथल्या झारीने दोन झाऱ्या घातल्या आणि गेलो.

दुसऱ्या दिवशी भाऊ वही उघडी टाकून बसले होते. काल इतका त्रास आणि आज पहाटे काटा बेचाळीस. "कसं शक्य आहे? आज दहाच्या खाली पाहिजे होता. बेचाळीस." पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते.

मी तिथे बसल्या बसल्या दोन्ही खड्डे मनात पुन्हा उकरले. एका खुंटीला तांबं, एकीला जस्त, मधे मिठाचं पाणी. ही बॅटरी झाली. आमच्या कारखान्यात तांब्याला जस्त टेकलं की जस्त सहा महिन्यांत खाल्लं जायचं, मला कोणी शिकवायला नको होतं. नालीकाठ कायम ओला. छपराखालचा वाफा ओला असला तर काटा चढतो, सुकला तर उतरतो. आणि वाफा ओला कोण करतं? वहिनी. बऱ्या असल्या की खाली जातात, पाणी घालतात, पहाटे काटा वर. आजारी असल्या की जात नाहीत, वाफा सुकतो, काटा खाली. जमीन त्यांना पाडत नव्हती. त्या पडत होत्या म्हणून काटा पडत होता. तीन महिने आम्ही दोघं म्हातारे वहिनींची झारी मोजत होतो.

हे मी त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. आठ दिवस नाही बोललो. कारण सांगतो, लपवत नाही. माझं काम चुकलं हे शब्द मी जन्मात कोणापुढे काढले नव्हते. मी स्वतःला समजावत होतो की अर्थिंग चुकलंच नाही, अर्थिंग उत्तम आहे, मोजायला ते लागत नव्हतं एवढंच. आणि दुसरं, इतक्या शिकलेल्या माणसाची वही एका चौथी पास माणसाच्या दोन किलो मिठाने खराब झाली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू. घरी जेवण जाईना. सून म्हणाली, "बाबा, डॉक्टरकडे जाऊ या का?" मी तिच्यावर ओरडलो. रोज ठरवून निघायचो, गाडीत बसलो की वाक्य तयार असायचं, जुरोंग ईस्टला उतरलो की जिभेवरून जायचं. भाऊ बेचाळीसचं कारण शोधत होते. आभाळात काही झालं का, सूर्यावर काही झालं का. मी समोर पाटावर पाय घेऊन बसायचो.

नवव्या दिवशी आम्ही तिघं खालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर गेलो. वहिनींनाच जायचं होतं, घरात कोंडल्यासारखं होतं म्हणाल्या. भाऊ रांगेत उभे. वहिनी मला काहीतरी सांगत होत्या, लेकीच्या बाळंतपणाचं, आणि वाक्याच्या मध्येच थांबल्या. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. स्टुलावरून सरकल्या. मी धरेपर्यंत कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. शेजारचे लोक धावले, कोणी पाणी आणलं, कोणी अँब्युलन्सला फोन लावू का विचारत होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मोजत होतो. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचाला श्वास आला. भाऊ हातात ट्रे घेऊन उभेच होते, त्यांना पुढे येता येईना.

वहिनींनी अँब्युलन्सला नको म्हटलं. वर आणलं, कपाळाला पट्टी लावली, आत निजवलं. भाऊ बाहेर आले आणि वही उघडली. तेव्हा मी बोललो.

"भाऊ, पेन ठेवा. खड्ड्यात मीठ आहे."

त्यांनी वर बघितलं.

"मी घातलंय. मीठ आणि कोळसा. अकराव्या दिवशी. नालीकडचा पाईप जस्ताचा आहे. तो काटा जमिनीचा नाही, तो पाण्याचा आहे. वहिनी पाणी घालतात त्याचा. त्या दिवशीचे बेचाळीस माझे, मी पाणी घातलं होतं." सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणालो, "माझं चुकलं."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "किती मीठ?"

"दोन किलो. एक-एक."

त्यांनी ते वहीत लिहिलं. तारखेसमोर, बारीक अक्षरात. मग म्हणाले, "तपासून बघायला पाहिजे. आठ दिवस पाणी बंद करू. मग आठ दिवस मी घालीन."

"भाऊ, सोळा दिवस?"

"नुसतं सांगण्यावर कसं सोडू? आकडा..."

वहिनी दारात उभ्या होत्या. पट्टीखाली कपाळ सुजलेलं, एक हात चौकटीवर. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"म्हणजे मी झारी घातली की काटा वर?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तीन महिने रोज माझं लिहिलं तुम्ही. किती वेळा चक्कर, किती मिनिटं, नाडी किती. एकदा तरी विचारलं का मला, की काल खाली गेली होतीस का? काय केलंस दिवसभर?" आवाज चढलेला नव्हता. "विचारलं असतं तर मी सांगितलं असतं न, चक्कर होती, नाही गेले. तिथेच संपलं असतं."

भाऊंनी वही मिटली.

"दादा, चुकलं म्हणालात ते ऐकलं मी," त्या मला म्हणाल्या. "बसा. आता यांना सांगा, डॉक्टरला फोन लावायचा, की मी लावू."

फोन वहिनींनीच लावला. चौथ्या दिवशीची वेळ मिळाली. ते चार दिवस मी दोन्ही वेळेला त्यांच्या घरी होतो. भाऊ वहिनींच्या मागे मागे फिरत होते, स्वयंपाकघरात, गॅलरीत, न्हाणीच्या दाराशी. चारही दिवस पहाटे ते खाली गेले नाहीत.

हॉस्पिटलात तासाभराचं काम, नुसती जागा बधिर करून करतात, असं नर्सने सांगितलं. वहिनींना आत नेलं. आम्ही दोघं थंडगार एसीत बाकावर. भाऊंचे हात मांडीवर उपडे. अर्धा तास गेला असेल. ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "दादा, जमिनीचा काटा चाळीसला जात नाही."

मला वाटलं, अजून तेच चाललंय.

"मी तीस वर्षं मीटर दुरुस्त केले. पहिल्या सकाळी चाळीस बघितलं तेव्हाच मला कळलं की हे खुंट्यांचं आहे. नालीकाठी जाऊन आलो होतो मी. जस्ताचा पाईप मला दिसत नव्हता का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. आठ दिवस मी मेल्यासारखा फिरलो होतो. "मग बोलला का नाहीत?"

"ती म्हणाली होती, वही भरेपर्यंत थांबते. वही भरत होती तोवर तिला कोणी ऑपरेशनच्या टेबलावर नेणार नव्हतं." ते भिंतीकडेच बघत होते. "माझी आई टेबलावरून परत आली नाही. साधंच ऑपरेशन होतं. कागदावर सही माझी होती. मी एकोणीस वर्षांचा होतो, घरात लिहितावाचता मी एकटा." मग म्हणाले, "तुम्ही आठ दिवस गप्प राहिलात, दादा. मी ऐंशी."

मला त्यांचं मुस्काट फोडावंसं वाटत होतं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटत होता. दोन्हीपैकी काही केलं नाही. बसून राहिलो. बरोबर कोणी बसलेलं असलं पाहिजे, एवढं मला कळतं. आतून कोणी बाहेर आलं की दोघंही उठायचो आणि ते दुसऱ्याच कोणाचं असायचं. घड्याळ तासाच्या पुढे गेलं. वीस मिनिटं पुढे गेलं. मी भाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मग एक नर्स आली आणि म्हणाली, "ऑल ओके, अंकल." भाऊंना ते दोनदा सांगावं लागलं.

संध्याकाळी वॉर्डात भेटू दिलं. वहिनींच्या खांद्याखाली पट्टी, ओठांना रंग आलेला. भाऊ उशाशी बसले, चादरीची घडी सारखी करत राहिले. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "जा, कॉफी पिऊन या. सकाळपासून काही पोटात नाही तुमच्या." ते उठले, दारात थांबले, वळून बघितलं आणि गेले.

वहिनींनी त्यांची पावलं लांब जाऊ दिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, खरं सांगा. काट्याचं त्यांना आधीच कळलं होतं न?"

मला कोणी अडाणी म्हटलं तर मी आजही ऐकून घेत नाही. कारखान्यात एकाने म्हटलं होतं, त्याच्याशी अकरा वर्षं बोललो नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "मी चौथी पास माणूस. मला त्यातलं काय कळतंय?"

भाऊंनी सारखी केलेली चादर त्यांनी गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "बरं. मग मलाही नाही कळलं."